चोरीला गेलेला डॉक्टर आणि नव्याने आलेली एडा



लंडनला टॉवर ब्रिजपासून थेम्सच्या दक्षिण काठाने पूर्वेकडे वीसेक मिनिटे चालत गेलात की बर्मंडसी वॉल ईस्ट हा रस्ता लागतो. तिथे नदीकाठी एक म्हातारा ब्राँझचा डॉक्टर बाकावर बसलेला आहे. समोर नदीच्या कठड्याला टेकून त्याची लहानगी मुलगी उभी आहे आणि कठड्यावर तिचे मांजर आहे. डायान गॉर्विन या शिल्पकर्तीने १९९१ मध्ये केलेल्या या शिल्पाचे नाव 'डॉ. सॉल्टर यांचे दिवास्वप्न'. स्वप्नच, कारण बाप म्हातारा होण्याच्या कितीतरी आधी, १९१० साली, जॉइस आठ वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरने गेली होती.

नोव्हेंबर २०११ मध्ये बाकावरचा डॉक्टरच चोरांनी उचलून नेला. मग कौन्सिलने मुलगी आणि मांजर सुरक्षित ठिकाणी हलवली. तीन वर्षांनी हे कुटुंब परत आले ती हकीकत आपण सर्वांनी, विशेषतः आपल्यातल्या डॉक्टरमंडळींनी, वाचण्यासारखी आहे.

आल्फ्रेड सॉल्टर हा गाइज हॉस्पिटलमध्ये शिकलेला हुशार डॉक्टर. संशोधनात नाव काढण्याची संधी समोर असताना तो बर्मंडसीच्या गोदी कामगारांच्या वस्तीत दवाखाना थाटून बसला. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना फुकट तपासले. १९०० मध्ये त्याने एडा ब्राउनशी लग्न केले. दोघांनी ठरवले की ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्यातच राहायचे आणि मुलीलाही तिथल्याच शाळेत घालायचे. त्या निर्णयाची किंमत त्यांनी जॉइसच्या रूपाने मोजली. तरीही ते वस्ती सोडून गेले नाहीत.

१९२२ मध्ये आल्फ्रेड मजूर पक्षाचा खासदार झाला आणि त्याच वर्षी एडा बर्मंडसीची महापौर झाली. लंडनमधली ती पहिली महिला महापौर. कौन्सिलने दवाखाने काढले, क्षयरोग्यांसाठी सूर्यप्रकाश-उपचाराची सोय केली, झोपड्या पाडून बागेसह घरे बांधली. एडाच्या पुढाकाराने हजारो झाडे लागली. एडा १९४२ मध्ये आणि आल्फ्रेड १९४५ मध्ये वारला. एनएचएस सुरू झाली १९४८ मध्ये. आपल्यापैकी कितीतरी जणांची पोळी ज्या व्यवस्थेवर भाजते, तिची एक छोटी आवृत्ती या जोडप्याने आधीच चालवून दाखवली होती.

चोरांना अर्थातच यातले काही ठाऊक नसणार. त्या काळात धातूचे भाव चढे होते आणि भंगाराचे पैसे रोख मिळत. २००५ मध्ये हेन्री मूरचे सुमारे ३० लाख पौंडांचे शिल्प चोरीला गेले, आणि पोलिसांच्या मते ते दीडेक हजार पौंडांच्या भंगारासाठी वितळवले गेले. २०१२ अखेर इंग्लंड-वेल्समध्ये भंगारासाठी रोख पैसे देण्यावर बंदी आली आणि २०१३ मध्ये भंगार व्यापाऱ्यांसाठी नवा कायदा झाला. हे योग्यच झाले. पण रिकाम्या बाकाचे काय करायचे हे कायदा सांगत नाही.

याच सदर्क कौन्सिलच्या हद्दीत, डलिच पार्कमधून, डिसेंबर २०११ मध्ये बार्बरा हेपवर्थचे शिल्पही चोरीला गेले. तिथे प्रतिकृती न बसवता २०१५ मध्ये कॉनराड शॉक्रॉसचे ओतीव लोखंडाचे संपूर्ण नवे काम उभे राहिले. बर्मंडसीच्या लोकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी ६० हजार पौंड वर्गणी जमवली, कौन्सिलने तेवढीच रक्कम घातली. गॉर्विनबाईंनीच डॉक्टर पुन्हा घडवला. आणि लोकांनी आणखी एक प्रश्न विचारला: बाप आहे, लेक आहे, मांजरसुद्धा आहे, मग एडा कुठे आहे? नोव्हेंबर २०१४ मध्ये अनावरण झाले तेव्हा हातात फावडे घेतलेली एडाही तिथे उभी होती. २३ वर्षे राहून गेलेली चूक चोरीच्या निमित्ताने दुरुस्त झाली.

कोणी म्हणेल, कौन्सिलांचे अंदाजपत्रक कापले जात असताना पुतळ्यांवर एक लाख वीस हजार पौंड कशाला? आक्षेप रास्त आहे. आम्हालाही पुतळ्यांचे फारसे प्रेम नाही. पण घरे आधी आणि झाडे मग, असा हिशोब एडाने कधी केला नाही. गरिबाच्या वाट्याला फक्त गरजेपुरतेच यावे, हे तिला मान्य नव्हते. शिवाय निम्मे पैसे लोकांनी आपण होऊन दिले. आपल्या वस्तीचा इतिहास कोणता, हे त्यांनी खिशात हात घालून सांगितले.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. जोतीरावांच्या सावलीत सावित्रीबाई किती काळ झाकल्या गेल्या! १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना त्या गेल्या. पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले ते २०१४ मध्ये, म्हणजे एडा नदीकाठी आली त्याच वर्षी.

आणि दुसरी आठवण मालवणची. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभारला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. मे २०२५ मध्ये तिथे आधीच्यापेक्षा बराच उंच पुतळा उभा राहिला. महाराजांच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण पडल्यावर 'आता किती उंच?' एवढेच विचारायचे, की 'आधी काय चुकले आणि कोण राहून गेले?' असेही विचारायचे? दुसरा प्रश्न विचारायला वेळ लागतो. बर्मंडसीने तीन वर्षे घेतली.

शेवटी स्वतःकडे. गणेशोत्सवाला, देवळाला, गावाकडच्या शाळेला आपण हात सैल सोडून देतो, आणि द्यावेच. पण ज्या शहरात कर भरतो, मुले वाढवतो, त्याच्या सामायिक आठवणींत आपली वर्गणी किती? आपल्या कौन्सिलमध्ये सार्वजनिक जागेत कोणाचे स्मारक असावे यावर जाहीर चर्चा होते तेव्हा आपल्यातले किती जण मत कळवतात? आपण इथले पाहुणे आहोत असे वागत राहिलो तर पाहुणेच राहू.

पुढच्या खेपेला गावाहून आईवडील आले की लंडन आय दाखवाच. पण एक दुपार त्यांना बर्मंडसीच्या काठावरही न्या. बाकावर डॉक्टरशेजारी जागा आहे. बसा, आणि मुलांना विचारा, ती फावडे घेतलेली बाई कोण असेल?

– संपादक