पत्रा पाऊण मिमीचा, रॉड अडीचचा!

जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही वाडी-वस्तीवर जा. गोठ्याच्या बाजूला, नाहीतर कांदाचाळीच्या आडोशाला ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी हमखास सापडते. कुणाची प्रीमियर पद्मिनी, कुणाची महिंद्राची जीप, कुणाची मारुती ८००. विकवत नाही, कारण भंगारवाला किलोवर भाव करतो आणि घरातल्यांचा जीव तिच्यात अडकलेला असतो. दुरुस्तही होत नाही, कारण इंजिनाचे पार्ट शोधले तर मिळतात, पण खालचा पत्रा पार गेलेला असतो. मग घरातलं कुणीतरी इंजिनीअरिंगला जातं आणि सुट्टीत जाहीर करतं, "वेल्डिंग मशीन घेऊ या. आपणच करू!"

मला ही कल्पना मनापासून आवडते. आमच्याही पडवीत एक फियाट उभी आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरी जेवताना रोज निघतो. पण मशीन घ्यायची वेळ आली की बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: किंमत सगळ्यात कमी, आणि अँपिअरचा आकडा सगळ्यात मोठा. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. गाडीच्या पत्र्यासाठी मशीन किती वर चढतं ते बघू नका, किती खाली उतरतं ते बघा.

आधी गाडी कुठे सडते ते पाहू. दाराच्या उंबऱ्याखाली एक पोकळ डबा असतो, त्याला सिल म्हणतात. त्याला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. आपल्याकडच्या चिखलाने ती बुजतात, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून कुजत जातो. बाहेरच्या रंगाला फुगा दिसतो, तोवर आतलं काम आटोपलेलं असतं. माळशेज, भीमाशंकरकडच्या पावसात राहिलेली गाडी आणि बेल्ह्याच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी शेजारी शेजारी उभी करा, फरक सांगावा लागणार नाही. सिलनंतर नंबर लागतो तो फ्लोअरचा, दाराच्या खालच्या कडेचा आणि डिकीच्या तळाचा. या सगळ्या ठिकाणी पत्र्याची जाडी किती? साधारण पाऊण ते एक मिमी. सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे.

आता आपण काय शिकलोय ते बघा. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये पाच-सहा मिमीच्या पट्ट्या घेऊन आपण बट जॉइंट आणि टी जॉइंट केले, सरांची सही घेतली, जर्नल भरलं. नारायणगाव, मंचर, आळेफाट्याला हायवेच्या कडेला जी फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, तिथेही ट्रॉली, गेट, शेडचे अँगल असंच जाड काम चालतं. त्या लोकांचा हात इतका बसलेला असतो की आपण नुसतं बघत राहावं. पण अशाच एका काकांना मी गाडीच्या सिलबद्दल विचारलं, तर ते हसून म्हणाले, "पोरी, ह्यो पत्रा न्हाय, पापड हाय. आमचा रॉड लावला तर भोकच पडंल."

काकांचं वाक्य आकड्यांत मांडून बघू. आर्क वेल्डिंगचा नेहमीचा बारीक रॉड अडीच मिमीचा, म्हणजे पत्र्याच्या तिप्पट जाड. तो नीट पेटता ठेवायला साधारण ६० अँपिअर तरी लागतात. मशीनच्या स्टँडर्डमध्ये आर्कसाठी व्होल्टेजचं सूत्र आहे: २० अधिक करंटच्या ०.०४ पट. म्हणजे ६० अँपिअरला २२.४ व्होल्ट, गुणाकार केला की सुमारे १,३४० वॉट. मिग वेल्डिंग, ज्याला आपल्याकडे सगळे 'सीओटू' म्हणतात, त्यात ०.८ मिमीची तार ४० अँपिअरलाही चालते. त्याचं सूत्र १४ अधिक करंटच्या ०.०५ पट, म्हणजे १६ व्होल्ट आणि ६४० वॉट. उष्णता निम्म्याहून कमी! शिवाय बटण सोडलं की तार थांबते, पत्रा गार होतो. रॉडमध्ये ती सोय नाही.

मग पर्याय कोणते?

गॅस वेल्डिंग, म्हणजे ऑक्सिजन-अॅसिटिलीन. जुने डेंटिंगवाले यावरच शिकले आणि त्यांच्या हातात ते छान चालतं. पण ज्योत पसरट, त्यामुळे आजूबाजूचा पत्रा तापून वाकडा होतो, आणि तो ठोकून सरळ करणं ही वेगळीच कला आहे. दोन सिलिंडर घरात ठेवायची जोखीम आहेच. घरासाठी नको.

टिग सुंदर काम करतं, पण एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तार, आणि आर्गॉनशिवाय चालत नाही. शिकायला वेळ लागतो, काम हळू होतं. गंजलेला, मळका पत्रा तर त्याला अजिबात खपत नाही.

गॅसशिवायचं मिग, म्हणजे आत फ्लक्स भरलेली तार. दुकानदार हे फार खपवतात, कारण "सिलिंडरची कटकट नाही." उघड्यावर वारा असताना ते खरंच उपयोगी आहे. पण ठिणग्या जास्त, वरची मळी साफ करत बसावी लागते आणि बारीक पत्र्यावर ताबा राहणं कठीण. शिवाय या तारेला साधारणपणे टॉर्च निगेटिव्हला जोडावी लागते. मशीनमध्ये पोलॅरिटी बदलायची सोयच नसेल, तर ते मशीन घेऊच नका.

राहिलं गॅसवालं मिग, सिंगल फेज, इन्व्हर्टर पद्धतीचं. माझं मत याला. साध्या आर्क मशीनच्या दुप्पट-तिप्पट किंमत पडते, हे खरं आहे. "एवढे कशाला घालवायचे?" हा आमच्या काकांचा प्रश्न मला पाठ झालाय! त्याचं उत्तर पुढे देते, आधी लाइटचं बघू.

कारण आपल्याकडे खरी अडचण लाइटची. वस्तीवर शेतीची थ्री-फेज पाळीपाळीने येते, घरातला सिंगल फेज कधी २३० व्होल्ट तर कधी मोटारी चालू झाल्या की १८०. इथे पुन्हा आकडेमोड करा. मिगला ६० अँपिअरवर १७ व्होल्ट, म्हणजे १,०२० वॉट. मशीनची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.७ धरला तर २३० व्होल्टला सुमारे ८ अँपिअर ओढले जातात, १८० व्होल्टला १० अँपिअर. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर आरामात. आता हाच हिशोब सव्वातीनच्या रॉडचा, १२० अँपिअरचा करा: २३ अँपिअर! सॉकेट वितळणार, नाहीतर एमसीबी पडणार. म्हणजे वस्तीवरच्या लाइनलासुद्धा नाजूक मशीनच परवडतं.

एक्स्टेन्शनची वायरही विसरू नका. दीड चौरस मिमीची तांब्याची वायर ३० मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स पाऊण ओहमच्या आसपास. आठ अँपिअरला सहा व्होल्ट तिथेच गेले. अडीचची वायर घ्या, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, नाहीतर ती आतल्या आत तापते. रात्री लाइट चांगली असते हे मान्य, पण रात्री पडवीत एकट्याने पाठमोरं बसून वेल्डिंग करायचा सल्ला मी जुन्नर-आंबेगावात कुणालाच देणार नाही. बिबट्याला अँपिअर कळत नाहीत!

दुकानात गेल्यावर विचारायचे प्रश्न मोजकेच. सगळ्यात कमी करंट किती? ३०-४० पर्यंत स्थिर उतरलं पाहिजे. ०.६ आणि ०.८ मिमीच्या तारेचे रोलर मिळतात का? ड्यूटी सायकल किती, आणि कोणत्या करंटला? दहा मिनिटांपैकी किती मिनिटं ते मशीन सलग चालेल, हा त्याचा अर्थ. खोक्यावर नुसता '२००' लिहिलेला असतो, तो आपल्या कामाचा नाही. आपण ५० अँपिअरला दोन-दोन सेकंदांचे टाके मारणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: बिघडलं तर बोर्ड पुण्यात दुरुस्त होतो का, की मशीन फेकून द्यायचं?

गॅसमध्ये शुद्ध कार्बन डायऑक्साइड स्वस्त, पण ठिणग्या जास्त. आर्गॉनमध्ये २० ते २५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस महाग, पण बारीक पत्र्याला तोच बरा. मशीनमध्ये काटकसर करायचीच असेल तर वरच्या अँपिअरमध्ये करा, गॅसमध्ये आणि हेल्मेटमध्ये नको.

आणि पद्धत. सलग ओळ ओढायचीच नाही. टाका मारा, दूर जाऊन दुसरा मारा, पहिला गार होऊ द्या, मग मधली जागा भरा. मागे तांब्याची पट्टी धरा, कारण तांबं उष्णता पोलादाच्या कितीतरी पट जास्त वेगाने ओढून घेतं आणि वितळलेलं पोलाद त्याला सहज चिकटत नाही. गंज दिसतो त्याच्या पुढे, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापा. कुजक्या कडेला कुठलंच मशीन धरणार नाही. तिथे मशीनला नावं ठेवणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं!

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. स्वस्त म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याने जगाला शिकवलंय. खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कमी खर्चात कशा उभ्या केल्या? हलका माल वापरून नव्हे. पकडायच्या लहरी २१ सेंटिमीटर आणि त्याहून लांब, मग भरीव पत्रा हवाच कशाला? स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी लावली. वारा आरपार जातो, वजन कमी, म्हणून सांगाडाही हलका. कामाला जेवढं लागतं तेवढंच, पण ते चांगलं. याला मी स्वस्त म्हणते. दोनशे अँपिअरचं मशीन आणून पाऊण मिमीला भोकं पाडणं, ही उधळपट्टी झाली.

"मग गॅरेजला का देत नाही?" असंही कुणी म्हणेल. द्या ना, पण समोर उभे राहा. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'लांबी' म्हणजे लेंग्थ, एवढंच मला ठाऊक होतं. गॅरेजात लांबी म्हणजे पुट्टी. एका गॅरेजमध्ये गंजलेल्या सिलवर नुसती लांबी भरून, घासून, रंग मारलेला मी स्वतः पाहिलाय. दिसायला फर्स्ट क्लास! पण पद्मिनी काय, ८०० काय, या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नसते. सिल हाच त्यांचा कणा. त्या लांबीच्या भरवशावर आपण आई-वडिलांना बसवून हायवेला निघणार का?

म्हणूनच एक मर्यादा मी स्वतःसाठीही आखते. फ्लोअरचा ठिगळाएवढा तुकडा, दाराची कड, डिकीचा तळ हे घरी करावं. सिल, सस्पेन्शनचे पॉइंट, सीट बेल्टचे बोल्ट आणि जीपची चासी मात्र अनुभवी वेल्डरकडूनच. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा असतो, आपण दोन प्रॅक्टिकलमध्ये त्याची बरोबरी करू शकत नाही. चार रविवार भंगार पत्र्यावर हात बसवा, जोड व्हाइसमध्ये धरून वाकवा. जोड तुटला तर गाडीजवळ जाऊ नका.

सुरक्षेचं थोडक्यात. बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, कारण रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर आर्क पेटवू नका, क्लोरीनवाल्या क्लीनरपासून विषारी वायू होतो. काच १० किंवा ११ नंबरची. आणि पैसा घालण्याआधी कागद तपासा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण.

शेवटी सरांना आणि वर्कशॉपच्या स्टाफला एक विनंती. आपल्या जर्नलमध्ये सहा मिमीच्या पट्टीसोबत पाऊण मिमीच्या पत्र्याचा एक जॉब घाला. आणि होस्टेलवाल्यांनो, प्रत्येकाने वेगळं मशीन कशाला? चौघांत एक चांगलं मशीन, एक सिलिंडर, पण हेल्मेट मात्र चार. सुट्टीत एकेकाच्या वस्तीवर फिरवा. आपला हात जगन्नाथ हे खरंच आहे, फक्त त्या हातात योग्य मशीन हवं. बघा, पटतंय का!