पूर्व नागालँडची रिकामी मतदान केंद्रे

१९ एप्रिल २०२४ रोजी पूर्व नागालँडच्या सहा जिल्ह्यांत मतदान कर्मचारी दिवसभर केंद्रांवर बसून होते. चार लाखांवर मतदारांपैकी जवळपास कोणीही फिरकले नाही. स्वतंत्र ‘फ्रंटियर नागालँड’च्या मागणीसाठी ईस्टर्न नागालँड पीपल्स ऑर्गनायझेशनने बंद पुकारला होता. अनुचित प्रभाव टाकल्याबद्दल संघटनेला नोटीसही गेली.

नोकरीत अशा नोटिशींचे मसुदे मीही केले आहेत. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला कलम ३७१-अ आठवते. १९६३ साली राज्य झाले तेव्हा तुएनसांग जिल्हा दहा वर्षांसाठी राज्यपालांच्या अखत्यारीत ठेवला गेला. तेथील आमदार जनता नव्हे, प्रादेशिक परिषद निवडत असे. विधानसभेसाठी प्रत्यक्ष मतदान थेट १९७४ साली झाले. आजचे सहाही जिल्हे त्याच तुएनसांगमधून निघालेले आहेत.

बहिष्कार मला मान्य नाही. राज्याला लोकसभेची जागा एकच. ती काँग्रेसच्या सुपोंगमेरेन जमीर यांनी सुमारे ५० हजारांच्या फरकाने जिंकली. चार लाख मतदारांनी स्वतःलाच त्या निकालाबाहेर ठेवले. मात्र निवडणुकीपूर्वी तोडगा काढण्याचे आश्वासन केंद्राने दिले होते, असे संघटना सांगते. त्याचा खुलासा नोटीस काढणाऱ्या कार्यालयाकडे नव्हे, गृह मंत्रालयाकडे मागायला हवा.