सौरपंपाचा हिशेब कोण तपासणार?

मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडण्याची रूढ तारीख 12 जून. 2024 मध्ये साठ्याअभावी ते 28 जुलैला उघडले. अशा वर्षी तंजावरच्या गावांत कुरुवैचे भातपीक जगते ते केवळ कूपनलिकेवर. म्हणूनच ‘25 वर्षे फुकट पाणी’ हे सौरपंपाचे आश्वासन तेथे मोहक ठरते. मात्र त्याची उलटतपासणी आवश्यक आहे.

25 वर्षांची हमी सौरपट्ट्यांची असते. पंप, मोटर आणि नियंत्रक यांची नव्हे. 2019 मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेत पुरवठादाराकडे देखभाल असते ती पाच वर्षे. सहाव्या वर्षी भर कुरुवैत नियंत्रक बिघडला, तर तो कोण आणि किती दिवसांत बदलणार?

योजनेच्या मूळ आराखड्यात केंद्राचे 30 टक्के, राज्याचे 30 टक्के आणि शेतकऱ्याचे 40 टक्के. डिझेल जाळणाऱ्यास हा व्यवहार निश्चित लाभाचा आहे. वीजजोडणीच्या रांगेत वर्षानुवर्षे तिष्ठणाऱ्यासही. परंतु तमिळनाडूत 1990 पासून शेतीची वीज मोफत आहे. ज्याच्याकडे जोडणी आहे, त्याचे बिल मुळातच शून्य. त्याची बचत कशातून होणार? बचत होते ती सरकारी तिजोरीची. मग त्याच्या वाट्याचा भार तिजोरीनेच का उचलू नये?

वीजवाहिनीही निर्दोष नाही. नोव्हेंबर 2018 मधील गज चक्रीवादळात या भागातील विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले. तथापि, उघड्या शेतातील सौरपट्ट्यांनाही तोच वारा सोसावा लागणार.

प्रशासनातील माझा अनुभव असा, की खरेदीच्या फायलीत सर्वांत कमी दर ठळक असतो. दुरुस्तीचा खर्च बहुधा नसतोच. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला कल्लणै आठवते. चोळकालीन परंपरेचा हा बंधारा केवळ मजबूत दगडांमुळे टिकला नाही; पिढ्यान्‌पिढ्या त्याची डागडुजी होत राहिली.

महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण गटासाठी 10 टक्के आहे. हिस्सा घटला तरी प्रश्न उरतोच. तालुकानिहाय बंद पंपांची संख्या आणि दुरुस्तीस लागलेले दिवस शासनाने दर हंगामात जाहीर करावेत, पुरवठादाराच्या देयकाचा काही भाग त्याच्याशी बांधावा. पंप किती बसवले, याच्या आकड्यावरून पाणी किती मिळाले हे कळत नाही.