हॉर्न वाजतोय ना, काका?

गेल्या सुट्टीत अंतरवाली सराटीला काकांकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या काळी-पिवळी जीपचं फिटनेस होतं, गाडी जालन्याला न्यायची होती. टायर नवे, इंडिकेटर चालू, मागे रिफ्लेक्टरही लावलेले. हॉर्न मात्र मुका! मी विचारलं तर म्हणाले, ‘‘अगं, तिथं कोण वाजवून बघतंय? आणि बघितलंच तर एजंट आहे की.’’

खरं सांगू? मला या ‘एजंट आहे की’चाच राग आला. प्रवासी गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस करावं लागतं. ते कागदासाठी नसतं, गाडीत बसणाऱ्यांसाठी असतं. त्याच जीपमधून पोरं-पोरी रोज वडीगोद्रीला, अंबडला कॉलेजला जातात. ऊस सुरू झाला की रस्त्यावर डबल ट्रॉल्या असतात. वळणावर ट्रॉलीमागून एखादं पोरगं सायकलवर आडवं आलं, तर त्या क्षणी एजंट काय करणार?

मग आम्ही बोनेट उघडलं. आधी फ्यूज पाहिला, शाबूत होता. (उडाला असता तर तेवढ्याच अँपिअरचा टाकायचा. तार गुंडाळून जुगाड करायचा नाही, वायरिंग जळतं.) मग काकांनी बटण दाबलं, मी रिलेवर बोट ठेवलं. ‘टक्’ झालं. म्हणजे बटण ठीक, बिघाड पुढे. हॉर्नला बॅटरीवरून दोन वायरींनी थेट करंट दिला, तर जोरात वाजला! म्हणजे हॉर्नही ठीक. मग हॉर्नच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक वायर धरली आणि काकांना बटण दाबायला सांगितलं. वाजला. दोष सापडला : हॉर्नचा बोल्ट गंजला होता, अर्थिंग मिळत नव्हतं. पॉलिश पेपरने घासला, घट्ट आवळला. अर्धा तास. खर्च शून्य.

एक मात्र सांगते. एअरबॅग असलेल्या गाडीत दोष स्टिअरिंगच्या आत वाटला, तर ते स्वतः उघडू नका. तिथे मेकॅनिकच हवा.

आता काही जण म्हणतील, आपल्याकडे हॉर्नचा आधीच एवढा गोंगाट, त्यात अजून एक कशाला? मुद्दा बरोबर आहे. विनाकारण हॉर्न वाजवला तर मोटार वाहन कायद्यात पहिल्यांदा १००० आणि पुन्हा केलं तर २००० रुपये दंड आहे. मल्टिटोन हॉर्नला तर नियमातच बंदी आहे. पण कट्ट्यावर मैत्रिणीला बोलवायला वाजतो तो हॉर्न वेगळा आणि वळणावर जीव वाचवतो तो वेगळा. पहिला आपल्याला रोज ऐकू येतो. दुसरा बंद पडलाय हे कुणाच्या लक्षातही येत नाही, हीच खरी अडचण.

आपण काय करू शकतो? रोज ज्या जीपने, व्हॅनने जातो, तिचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून फिटनेसची तारीख बघू शकतो. संपली असेल तर ड्रायव्हरकाकांना तोंडावर विचारू शकतो. थोडं ऑकवर्ड वाटेल. वाटू दे. भाडं आपण देतो, जीवही आपलाच असतो.

दुसऱ्या दिवशी काका जालन्याहून आले ते गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवत. मी बाहेर येऊन ओरडले, ‘‘काका, दंड एक हजार!’’