विश्लेषण : बिलासोबत येणारा ‘फुकट’ गोड घास खरंच फुकट असतो का?

मळवली स्टेशनावर उतरून कार्ले-भाजे लेण्या किंवा लोहगडाकडे जाणाऱ्यांना चहा-भजी पुरायची. आता मावळ-लोणावळ्यात महागडी रिसॉर्टं आली आणि त्यांच्यासोबत ‘फाइन डायनिंग’चे रिवाजही.

हा प्रकार काय?

डेझर्टनंतर शेफकडून येणारा एक-दोन घासांचा गोड पदार्थ म्हणजे ‘मिन्यार्दीझ’. त्याचाच भाऊबंद ‘पेती फूर’, शब्दशः ‘छोटी भट्टी’. काही ठिकाणी घरी न्यायला पुडीही देतात. आपल्याला हे नवं नाही. पानसुपारी, खानावळीतली बडीशेप, आरतीनंतरची खिरापत. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हीच रीत.

देतात कशासाठी?

२००२ मध्ये डेव्हिड स्ट्रोमेट्झ आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या रेस्टॉरंटमधला प्रयोग प्रसिद्ध झाला. चॉकलेट न देता टिप बिलाच्या सुमारे १९ टक्के मिळाली. वेटरने एक चॉकलेट देऊन, परत वळून आणखी एक दिलं तेव्हा ती सुमारे २३ टक्क्यांवर गेली. शिवाय डॅनियल कानेमन यांच्या संशोधनानुसार अनुभवातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, हेच जास्त लक्षात राहतात. थोडक्यात, त्या घासाचा खर्च हॉटेल भरून काढतंच.

मग देऊ नये का?

जरूर द्यावा, पण मावळातला द्यावा. भोर घाटातली रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिच्या कामावरच्या मजुरांसाठीच्या गूळ-शेंगदाण्याच्या खाऊतून चिक्की आली, असं लोणावळ्यात सांगतात. इंद्रायणी तांदळाचं वाण १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलं. एवढं हाताशी असताना पाहुण्याच्या हातावर मॅकरॉनच का ठेवायचं? पातळ चिक्कीचा तुकडा किंवा तांदळाच्या पिठाची गोड बोरं द्या आणि बनवणाऱ्याचं नाव पुडीवर छापा. पाहुणा परतीच्या वाटेवर त्याच्याकडूनच किलोभर घेईल. हॉटेलचा खर्च तेवढाच, पण पैसा गावात राहील. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना आधी विचारावं, एवढं पथ्य मात्र हवंच.

ग्राहकाने काय पाहावं?

गोड खाताखाता बिल वाचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या योग्य ठरवल्या. शुल्क लावलं असेल तर काढायला सांगा. आणि सेवा आवडली तर टिप थेट वेटरच्या हातात द्या.