कर्ज तिच्या नावावर, निर्णय कुणाचा?

भिवंडीच्या मोहल्ल्यांत आणि पडघा, महापोलीसारख्या गावांत आता कर्ज घरी चालत येते. आधार कार्ड, फोटो आणि शेजारच्या चार बायकांची हमी एवढ्यावर पैसे मिळतात, तारण लागत नाही. कर्ज बाईच्या नावावर असते, कारण बायका हप्ता चुकवत नाहीत हे देणाऱ्यांना ठाऊक आहे. पैसा मात्र कधी लूमच्या वीजबिलात जातो, कधी रिक्षाच्या दुरुस्तीत, कधी लग्नाच्या दावतीत. घर दोघांचे असल्याने यात गैर काही नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, सही करण्यापूर्वी तिला कुणी विचारले होते का?

बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोबरा गावातून छोट्या कर्जांची सुरुवात केली. १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली आणि २००६ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पण त्याच देशात १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, बायकांच्या नावावरची बरीच कर्जे प्रत्यक्षात घरातले पुरुषच वापरत होते. फेडण्याची जबाबदारी तेवढी बाईकडे राहिली होती.

आपल्याच सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, वेगळे घडले. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने गावच्या बायकांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा सभासद निरक्षर म्हणून तो नामंजूर झाला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी विचारा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्या बाईला हिशेब येतो, तिला घरात विचारावेच लागते.

म्हणून थोडा हिशेब करू. समजा, ३०,००० रुपये घेतले आणि दरमहा २,८०० रुपयांचे १२ हप्ते ठरले. एकूण ३३,६०० रुपये फेडायचे. ऐकायला व्याज १२ टक्के वाटते. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, त्यामुळे खरा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियमही भगिनींनी लक्षात ठेवावेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला सूक्ष्म कर्ज विनातारण मिळते. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. व्याज आणि इतर आकार यांचा तपशील आपल्याला कळणाऱ्या भाषेत लिहून मिळायला हवा. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही.

व्याज नकोच, असे म्हणणारी घरेही आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी भिशीची जुनी वाट आहे, पण तिथेही नोंदवही हवीच. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हे सूरह बकरामध्ये सविस्तर सांगितले आहे. स्त्रीची कमाई तिची आणि मेहरही तिचाच, हेही आपण सारे जाणतो. मग तिच्या नावावरच्या कर्जाबाबत तिचे मत शेवटी का घ्यायचे?

पुढच्या वेळी सहीआधी नवरा-बायकोने वहीत चार ओळी लिहाव्यात: रक्कम किती, कशासाठी, एकूण परत किती, आणि लूम बंद पडला तर हप्ता कोण भरणार. चौथी ओळ रिकामी राहिली, तर सही करू नये.