राजीनाम्याचा कागद शोधू नका

मा. शेख हसीना यांस,
माजी पंतप्रधान, बांगलादेश
सध्या मुक्काम भारत



राजीनाम्याचा कागद कुठे आहे, हा वाद आता पुरे करा. ५ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या लष्करप्रमुखांनी, जनरल वकार-उझ-झमान यांनी, आपण राजीनामा दिल्याचं साऱ्या देशाला सांगितलं. आठवडा उलटायच्या आत आपले चिरंजीव म्हणाले की आईने रीतसर राजीनामा दिलेलाच नाही. ऑक्टोबरात राष्ट्रपती शहाबुद्दीन यांनीही लेखी पुरावा आपल्यापाशी नसल्याचं सांगितलं आणि ढाक्यात पुन्हा लोक रस्त्यावर आले. कागद असो वा नसो, सत्ता गेली. लोकांनी ती आपल्या हातून काढून घेतली. त्या दुपारी ढाक्याच्या रस्त्यांवर लोटलेली गर्दी जिने पाहिली नाही, ती व्यक्ती एकच. त्या वेळी आपण लष्करी विमानातून गाझियाबादजवळच्या हिंडन तळाकडे येत होता.

हे पत्र लिहिणारा मी मराठवाड्यातल्या एका खेड्यातला निवृत्त शिक्षक. १९७१ साली अकरा वर्षांचा होतो. वडील गावचं टपाल सांभाळायचे. त्या नोव्हेंबरात सरकारने टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट लावलं. आपल्या देशातून आलेल्या एक कोटी निर्वासितांसाठी. वडील वाटीत ओला स्पंज ठेवत आणि मी तिकिटं फाडून त्यांच्या हातात देई. एक दिवस एक म्हातारी मुंबईच्या गिरणीत असलेल्या लेकाला पत्र टाकायला आली. "हे पाच पैसे आणि कशाचे?" तिने विचारलं. वडील म्हणाले, "आजी, तिकडं माणसं मरायलीत." ती पुढे काही बोलली नाही. पदराची गाठ सोडून तिने नाणं काढलं आणि वडिलांच्या तळहातावर ठेवलं. टपालाच्या खोलीत वर्तमानपत्रातून कापलेला आपल्या वडिलांचा, शेख मुजीबुर रहमान यांचा फोटो चिकटवलेला होता. बांगलादेशाशी माझं नातं एवढंच आहे. पण त्या नात्यानेच विचारतो.

५ ऑगस्टच्या त्या जल्लोषाला आपण आजही कट म्हणता. आपले चिरंजीव त्याच दिवशी म्हणाले की इतके कष्ट करूनही थोडेसे लोक उलटले, याचं आईला वाईट वाटलं. थोडेसे लोक? आमच्याकडच्या वाहिन्यांनी त्या दिवसाचं एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं : आपल्या सरकारी निवासस्थानातून, गणभवनातून, कुणी खुर्ची नेतोय, कुणी साड्या, कुणी तळ्यातला मासा, कुणी आपल्या पलंगावर आडवा झालाय. ते घडलं, नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशीचं दृश्य का नाही दाखवलं? विद्यार्थी नेलेल्या वस्तू परत आणून ठेवत होते, संसद भवनाचं आवार झाडत होते. पोलिस ठाणी सोडून गेले, तेव्हा कॉलेजची पोरं-पोरी चौकाचौकात उभी राहून वाहतूक सांभाळत होती. पंधरा वर्षांनी देश आपल्या हाती आल्यासारखी ती वागत होती. कटवाले झाडू घेऊन येत नाहीत, हसीनाबाई.

हा आनंद आपल्याला ओळखता येत नाही, हे तर मला पटतच नाही. आपण स्वतः तो पाहिला आहे. ६ डिसेंबर १९९० रोजी जनरल इर्शाद यांना लोकांनी खाली खेचलं, तेव्हा त्या लढ्याच्या अग्रभागी आपण होता. त्याआधी तीन वर्षं, १० नोव्हेंबर १९८७ रोजी, नूर हुसेन नावाचा आपल्याच पक्षाचा तरुण छातीवर आणि पाठीवर पांढऱ्या रंगात घोषणा रंगवून मोर्चात उतरला होता : हुकूमशाही गाडा, लोकशाही सोडवा. गोळी लागून तो गेला. दर वर्षी त्याचा दिवस पाळला जात होता. आणि २०१४ मध्ये त्याच इर्शाद यांना आपण आपला विशेष दूत नेमलं. नूर हुसेनच्या छातीवरची अक्षरं आपण त्या दिवशीच पुसली.

पुढचा हिशेबही आपल्याला माहीत आहे, तरी मांडतो. निवडणुका निःपक्ष काळजीवाहू सरकारच्या हाताखाली व्हाव्यात, यासाठी १९९४ ते १९९६ आपण देश बंद पाडलात आणि ती तरतूद घटनेत आणायला लावलीत. ३० जून २०११ रोजी पंधराव्या घटनादुरुस्तीने ती आपणच काढून टाकलीत. जानेवारी २०१४ : ३०० पैकी १५३ जागांवर मतदानच नाही, उमेदवार बिनविरोध. डिसेंबर २०१८ : विरोधी बीएनपीच्या आघाडीला दहाच्या आत जागा आणि आदल्या रात्रीच पेट्या भरल्याचे आरोप. जानेवारी २०२४ : प्रमुख विरोधकांचा बहिष्कार आणि सरकारी आकड्यानेही जेमतेम ४२ टक्के मतदान. २००८ साली ज्याचं मत देण्याचं वय झालं, त्या माणसाला पुढच्या तीन निवडणुकांत खरं मत देता आलं नाही. तो मतदान केंद्रावर जाऊ शकला नाही, म्हणून रस्त्यावर आला.

लोकांनी आधी सांगून पाहिलं नाही असंही नाही. २०१८ मध्ये बसखाली दोन विद्यार्थी गेल्यावर ढाक्याची शाळकरी पोरं गणवेशात रस्त्यावर उतरून गाड्यांचे परवाने तपासत होती. त्यांना मारहाण झाली. त्यावर बोलले म्हणून छायाचित्रकार शहिदुल आलम यांना अटक झाली आणि शंभराहून अधिक दिवस तुरुंगात ठेवलं गेलं. अटकेची तारीख होती ५ ऑगस्ट. बरोबर सहा वर्षांनी त्याच तारखेला आपण देश सोडलात. लेखक मुश्ताक अहमद फेसबुकवरच्या मजकुरासाठी आत गेले. सहा वेळा जामीन नाकारला गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते तुरुंगातच वारले. उचलून नेऊन गायब केलेल्या माणसांच्या १६०० हून अधिक तक्रारी पुढे चौकशी आयोगापुढे आल्या. ज्या गुप्त कोठड्यांना लोक 'आयनाघर' म्हणत, तिथून आपण गेल्यानंतर काही माणसं बाहेर आली. त्यांतल्या काहींना आठ वर्षं झाली होती.

तरीही मी इतकी वर्षं गप्प होतो. पत्र लिहायला लावलं ते जुलै २०२४ ने, आणि त्यानंतरच्या आपल्या मौनाने.

पोरं सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांविरुद्ध रस्त्यावर होती. १४ जुलैला आपण पत्रकार परिषदेत विचारलंत की मुक्तिसैनिकांच्या नातवंडांना नोकऱ्या नाहीत तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायच्या? आपल्याकडे रझाकार म्हणजे १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराला साथ देणारे. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांनाही हा शब्द चांगला ठाऊक आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या रझाकारांनी आमची गावं जाळली. आमच्या घरात हा शब्द शिवी म्हणूनसुद्धा सहज उच्चारत नाहीत. तो शब्द आपण नोकरी मागणाऱ्या पोरांवर फेकलात. त्याच रात्री ढाका विद्यापीठातली पोरं-पोरी, आम्ही कोण, तुम्ही कोण, रझाकार, असं ओरडत वसतिगृहांतून बाहेर पडली. अपमान त्यांनी अंगावर घेतला आणि तिथून माघार संपली.

१६ जुलैला रंगपूरमध्ये विद्यार्थी अबू सईद पोलिसांसमोर दोन्ही हात फैलावून उभा राहिला. हातात एक काठी. पुढे यायला नाही, मागे जायलाही नाही, नुसता उभा. गोळ्या लागल्या तरी तो एकदम पडला नाही. त्याची आई टाहो फोडत होती की नोकरी द्यायची नव्हती तर नसती दिली, माझं पोर मारलं कशाला? १८ जुलैला ढाक्याच्या उत्तरा भागात मुग्धो नावाचा मुलगा मोर्चातल्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत, कुणाला पाणी हवंय का, असं विचारत फिरत होता. त्याच्या कपाळात गोळी लागली. दुसऱ्या दिवशी नारायणगंजमध्ये घराच्या गच्चीवर सहा वर्षांच्या मुलीला गोळी लागली. ती वाचली नाही. गच्चीवरच्या पोरीने कुठला कट केला होता?

१८ तारखेला इंटरनेट बंद. ब्रॉडबँड पाच दिवसांनी हळूहळू आलं, मोबाइलवरचं नेट यायला दहा दिवस लागले. त्या अंधारात किती मेले, याचा पहिला सरकारी आकडा २८ जुलैला आपल्या गृहमंत्र्यांनी दिला : १४७. पुढच्या सरकारच्या पहिल्या राजपत्रित यादीत ८३४ नावं आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने सांगितलं की १ जुलै ते १५ ऑगस्ट या दीड महिन्यात १४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत. हजारो जखमी. बहुतेक जण सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी. मृतांत १२ ते १३ टक्के मुलं. मी गणिताचा शिक्षक. १४०० चे १२ टक्के म्हणजे १६८. माझ्या शाळेतले चार वर्ग रिकामे होतील. त्या काळात ४४ पोलिसही मारले गेले. त्यांनाही आया होत्या, ते आकड्यातून मी वगळत नाही.

आणि आपण? २५ जुलैला मीरपूरच्या मेट्रो स्थानकात फुटलेल्या काचांसमोर उभं राहून डोळे पुसलेत. रुग्णालयात जखमींकडे गेलात ते दुसऱ्या दिवशी. हा क्रम लोकांनी लक्षात ठेवला. ३० जुलै हा आपण राष्ट्रीय शोकाचा दिवस जाहीर केलात, काळी फीत लावायला सांगितलीत. लोकांनी काळा रंग नाकारला. तोंडावर, डोळ्यांवर लाल कापड बांधलं, फेसबुकवरचे फोटो लाल केले. ज्यांनी मारलं त्यांच्यासोबत शोक पाळणार नाही, एवढंच त्या लाल रंगात होतं. जनतेचं मत त्याच दिवशी कळलं होतं. ५ ऑगस्टला फक्त ते गणभवनाच्या दारात आलं.

पद्मा नदीवरचा ६.१५ किलोमीटरचा पूल आपण बांधलात, सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना आसरा दिलात. ते श्रेय आपलंच. आपण गेल्यावर हिंदूंची घरं आणि देवळं फोडली गेली, आपल्या पक्षाची माणसं ठेचून मारली गेली. त्याचा जाब ढाक्यातल्या तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी दिला पाहिजे, आणि तो मी त्यांनाही विचारीन. मुजीबुर रहमान यांचा पुतळा दोर लावून पाडताना आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचं धानमंडी ३२ चं घर यंत्रांनी भुईसपाट करताना पाहून माझ्या पोटात कालवलं. ते चूकच होतं. पण ज्या माणसाचा फोटो माझ्या वडिलांनी कुणी न सांगता भिंतीवर लावला, त्याचा फोटो आपण २०११ मध्ये घटनादुरुस्ती करून कचेऱ्यांच्या भिंतींवर सक्तीचा केलात. प्रेम सक्तीचं केलं की लोक राग प्रेमावरच काढतात.

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्याच्या न्यायाधिकरणाने आपल्या गैरहजेरीत आपल्याला फाशी सुनावली. ते न्यायाधिकरण २०१० मध्ये आपल्याच सरकारने बसवलं होतं. मला फाशी मान्य नाही. आपल्या काळात नव्हती, आजही नाही. निकाल पक्षपाती आहे असं आपण म्हणता, ते म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे. आश्रय मागण्याचाही आहे. १९७५ मध्ये घरचे जवळजवळ सगळे मारले गेले, तेव्हा याच देशाने आपल्याला सहा वर्षं ठेवून घेतलं आणि ते योग्यच होतं.

पण आश्रय म्हणजे माफी नव्हे. म्हणून मागणी एकच. राजीनाम्याचा कागद शोधू नका. त्याऐवजी दुसरा एक कागद लिहा. रंगपूरच्या त्या आईला, उत्तरातल्या त्या घराला, नारायणगंजच्या त्या आईबापांना. कट, परकी हात, विरोधक, यांतलं काही त्यात नको. माझ्या राज्यात, माझ्या पोलिसांनी, तुमचं मूल मारलं, एवढं लिहा. खाली सही करा, तारीख घाला आणि टपालात टाका.

टपालखर्चाची काळजी करू नका. त्या देशातल्या माणसांच्या जिवाची किंमत आमच्या गावच्या एका म्हातारीने १९७१ मध्येच पदराची गाठ सोडून भरून ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
मराठवाडा